परदेशी पाहुणा आणि शाळकरी यजमान

आमचा आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. एका देशातील शाळेची वीस-पंचवीस मुले दुसऱ्या देशातील गावी जातात, तेथल्या विद्यार्थ्यांच्या घरी आठ-दहा दिवस राहतात. पुढे काही महिन्यांनी ते विद्यार्थी ह्यांच्या घरी येऊन राहतात. ज्याची भाषा शिकायची त्याच्या पानावर जेवायचे, आणि आपली भाषा शिकायला जो येईल त्याला आपल्या पंगतीला बसवायचे, एवढाच हा व्यवहार. ह्यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आलेही असेल. म्हणूनच हा प्रयोग जेथे फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि जेथे तो करणे मुळीच सोपे नव्हते, त्या फ्रान्स आणि जर्मनीचे उदाहरण आम्ही निवडले आहे.

सोपे का नव्हते, हे समजायला थोडा इतिहास आठवला पाहिजे. १८७० पासून १९४५ पर्यंतच्या पाऊणशे वर्षांत ही दोन राष्ट्रे तीन वेळा एकमेकांशी लढली. ह्या दोहोंच्या मध्ये आल्सास नावाचा प्रांत आहे. १८७१ मध्ये तो जर्मनीने घेतला, १९१८ मध्ये फ्रान्सला परत मिळाला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांच्या हाती गेला आणि १९४४-४५ मध्ये पुन्हा फ्रेंच झाला. १८७१ पूर्वी तेथे जन्मलेली आणि दीर्घायुषी ठरलेली एखादी आजीबाई आपल्या घराचा उंबरठा न ओलांडता चार वेळा राष्ट्र बदलून बसली असेल. प्रत्येक वेळी शाळेची भाषा बदलली; १९४० नंतर तर फ्रेंच बोलण्यावरच बंदी आली. आपल्याकडे भाषा हा दप्तरातला एक विषय असतो. तेथे ती सरहद्दीच्या दगडाबरोबर सरकवली जात होती. अशा ठिकाणी शत्रूची भाषा मुलाने आवडीने शिकावी, आणि शत्रूच्या मुलाला आपल्या मुलाच्या खोलीत बिछाना घालून द्यावा, असे सुचवणाऱ्या माणसाच्या अंगी मोठे धाडस असले पाहिजे.

असे धाडस करणारे काही लोक सरकारांच्या आधीच पुढे आले होते. १९५० साली फ्रान्समधील माँबेल्यार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग ह्या दोन गावांनी परस्परांशी नाते जोडले. अशी नाती पुढे शेकड्यांनी जुळली, आज त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. पण ह्या दोन देशांतले हे पहिले. माँबेल्यारचे तेव्हाचे नगराध्यक्ष ल्युसियाँ तारादाँ हे फ्रेंच प्रतिकार चळवळीतले. जर्मनांनी त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले होते, आणि तेथून ते जिवंत परतले होते. परतून पाच वर्षे होतात न होतात तोच ह्या माणसाने जर्मन गावाशी हात मिळवला. झाले गेले विसरून जा, असे दुसऱ्यांना सांगणे फार सोपे असते. ज्याने स्वतः सोसले तो असे करतो तेव्हा त्याला निराळे वजन येते, आणि गावकऱ्यांनाही 'नाही' म्हणणे जड जाते.

त्याच लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या चौकात ९ सप्टेंबर १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल जर्मन तरुणांपुढे बोलायला उभे राहिले. ते जर्मन भाषेत बोलले, आणि हाती कागद न घेता बोलले. ही जर्मन त्यांना अवगत होती. आणि पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या रणांगणावर १९१६ साली पकडले जाऊन युद्ध संपेपर्यंत त्यांनी जर्मनांच्या कैदेत दिवस काढले होते. तुम्ही थोर राष्ट्राची मुले आहात, असे त्यांनी त्या पोरांना सांगितले. युद्ध संपून सतरा वर्षे झालेली. जर्मन मुलांना आपल्या वडिलांच्या पिढीबद्दल जगाकडून जे ऐकावे लागत होते त्यात अभिनंदनाचा शब्द क्वचितच असे. पुढे चारच महिन्यांनी, २२ जानेवारी १९६३ रोजी, पॅरिसच्या एलिझे राजवाड्यात द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर ह्यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. परराष्ट्रनीती आणि संरक्षण ह्या मोठ्या बाबींच्या जोडीला त्या करारात शिक्षण आणि तरुण पिढी हेही कलम होते. एकमेकांची भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवू, असे दोन्ही सरकारांनी त्यात लिहून दिले. त्याच वर्षीच्या ५ जुलैला फ्रेंच-जर्मन युवक कार्यालय स्थापन झाले. दोन्ही सरकारे त्यात समसमान पैसा घालतात. आजपर्यंत नव्वद लाखांहून अधिक तरुण ह्या कार्यालयाच्या कार्यक्रमांतून सरहद्द ओलांडून गेले आहेत. ते सगळेच घरी राहिले असे नाही; खेळ, नाटक, कामाचा अनुभव अशा कारणांनीही पुष्कळजण गेले. तरी शाळांची अदलाबदल हा त्यातला फार जुना आणि मोठा भाग आहे.

सह्या राजवाड्यात झाल्या खऱ्या, पण करार पाळायचा होता तो स्वयंपाकघरांत. १९६३ साली पंधरा वर्षांचा असलेला जर्मन मुलगा युद्धानंतर जन्मलेला होता; त्याच्या हातून काहीच घडले नव्हते. परंतु तो ज्या फ्रेंच घरी उतरायचा त्या घरच्या आजीने दोन्ही महायुद्धे पाहिलेली असायची. भिंतीवर गणवेशातल्या कोणाचा तरी फोटो असायचा. मुलगा तो फोटो पाहायचा, घरचे लोक त्याला पाहताना पाहायचे, आणि पाव पुढे सरकवायचे. पुष्कळ घरांतून पहिल्या दिवशीचे संभाषण ह्यापुढे गेले नसेल. आमच्या मते ह्या पाव पुढे सरकवण्यात करारातल्या पुष्कळशा कलमांपेक्षा अधिक काही घडत होते.

आता ही अदलाबदल प्रत्यक्षात चालते कशी, ते पाहू. दोन शाळांतले दोन भाषाशिक्षक हा तिचा कणा. एक जर्मनीत फ्रेंच शिकवणारा, दुसरा फ्रान्समध्ये जर्मन शिकवणारा. मुलांकडून एक पत्रक भरून घेतात: वय, छंद, घरी भावंडे किती, कुत्रे-मांजर आहे का, काय खात नाही, कशाने अंगावर पित्त उठते, पाहुण्याला स्वतंत्र खोली देता येईल की एकाच खोलीत झोपावे लागेल. ही पत्रके समोर पसरून दोन्ही शिक्षक जोड्या लावतात. हे काम सोयरीक जुळवण्यापेक्षा कमी जोखमीचे नाही. तबला वाजवणाऱ्याला पेटी वाजवणारा गाठून द्यावा तसे फुटबॉलवाल्याला फुटबॉलवाला देतात. मग कळते की एक बडबड्या आहे आणि दुसरा घुम्या. यजमान घराला पैसे मिळत नाहीत. जेवणखाण आणि निवारा त्याने आपल्या खर्चाने द्यायचा, कारण काही महिन्यांनी त्याच्याही मुलाला ते तिकडे मिळणार असते. रेल्वेच्या नाहीतर बसच्या भाड्यासाठी युवक कार्यालय अनुदान देते, आणि ते अंतर पाहून ठरते. सकाळी पाहुणे यजमानांबरोबर वर्गात बसतात, एखाद्या दिवशी नगरपालिकेत त्यांचे स्वागत होते, एखाद्या दिवशी सहल. शनिवार-रविवार मात्र पूर्णपणे घरच्यांच्या स्वाधीन, आणि मुलांच्या खऱ्या आठवणी बहुधा ह्याच दोन दिवसांच्या असतात.

घोटाळ्यांना सुरुवात होते ती जेवणापासून. जुन्या वळणाच्या जर्मन घरात दुपारचे जेवण गरम आणि संध्याकाळचे थंड. सहा-सातच्या सुमारास लाकडी पाटीवर पाव, चीज, मांसाच्या चकत्या, काकडी मांडली की झाले. फ्रेंच मुलाच्या घरी रात्रीचे जेवण साडेसात-आठला, शिजवलेले, आणि एकामागून एक येणारे. तो जर्मन घरी पावाचा एक तुकडा खाऊन हात आवरून बसतो, कारण ही तर सुरुवात आहे, जेवण मागून येईल अशी त्याची समजूत. जेवण येत नाही. टेबल पुसले जाते. उलट जर्मन मुलगा फ्रेंच घरी पहिल्याच पदार्थावर ताव मारून पोट भरून घेतो, आणि मग मुख्य पदार्थ येतो, त्यामागून चीज येते, त्यामागून गोड येते. पहिला उपाशी झोपतो, दुसऱ्याला पोट फुगून झोप येत नाही. ह्या दोन्ही गोष्टी इतक्या वेळा घडल्या आहेत की अदलाबदलीला निघणाऱ्या मुलांना शिक्षक त्या आधीच सांगून ठेवतात.

शाळेतही असेच. फ्रान्समध्ये शाळा दुपारी चार-पाच वाजेपर्यंत चालते आणि मुले शाळेच्या भोजनगृहात जेवतात. जर्मनीत पूर्वीपासूनची चाल म्हणजे एक-दीडला शाळा सुटायची आणि मुले घरी जेवायची. अलीकडे दिवसभराच्या शाळा तेथेही वाढल्या आहेत. जर्मन वर्गात तोंडी उत्तरांना गुण असतात, त्यामुळे मुले सारखी हात वर करतात. फ्रेंच मुलाला वाटते, केवढा हा गोंगाट! जर्मन मुलाला फ्रेंच वर्गात वाटते, ही सगळी मुले नुसती लिहून काय घेत आहेत? गुणांची गंमत तर ह्याहून मोठी. फ्रान्समध्ये वीसपैकी गुण देतात. जर्मनीत एक हा सर्वांत उत्तम आणि सहा हा सर्वांत वाईट. आपल्या जर्मन मित्राला गणितात एक मिळाला आणि तो आनंदाने उड्या मारतो आहे, हे पाहून फ्रेंच पाहुण्याने सांत्वनासाठी आणलेले शब्द गिळून टाकावे लागतात.

ह्या सगळ्यात भाषा कोठे आली, असे आपण विचाराल. ह्यातच आली. चार-पाच वर्षे भाषा शिकलेल्या मुलाला क्रियापदांची रूपे पाठ असतात, एखादा संकेतार्थही तो बिनचूक चालवतो. पण टॉवेल कसा मागावा, नळ गळतो आहे हे कसे सांगावे, पोट भरले हे घरच्या बाईंना राग न येता कसे कळवावे, हे त्याला ठाऊक नसते. 'मी भरलो' असे जर्मनमध्ये शब्दशः म्हणायला जावे तर त्याचा 'मला चढली आहे' असाही अर्थ होतो. तृप्त झालो ह्याला तेथे निराळा शब्द आहे. दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द तर घातच करतात. 'गिम्नाझियुम' म्हणजे जर्मन मुलाची शाळा. फ्रेंच मुलाच्या कानाला तो व्यायामशाळेचा शब्द वाटतो. 'फिगूर' म्हणजे जर्मनमध्ये शरीराचा बांधा, आणि फ्रेंचमध्ये जवळजवळ तोच शब्द चेहऱ्याला लावतात. आपल्याला 'शिक्षे'चा अर्थ एक आणि हिंदीभाषकाला 'शिक्षा'चा अर्थ दुसरा, तशातलाच हा प्रकार. एक अडचण मात्र आपल्यासारख्यांना चटकन समजेल: दोन्ही भाषांत 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, आणि मित्राच्या आईला कोणते म्हणावे ह्या विचाराने पाहुणा बराच वेळ कर्ताच गाळून बोलत राहतो.

पाठ्यपुस्तकात चूक झाली तर शिक्षक तांबडी रेघ ओढतो. घरात चूक झाली तर टॉवेलऐवजी भलतीच वस्तू हातात येते. मग मूल हात हलवून, चित्र काढून, अर्धा शब्द ह्या भाषेतला आणि अर्धा त्या भाषेतला घेऊन आपले काम करून घेते; आणि त्या गरजेतून मिळालेला शब्द जन्मभर विसरत नाही. ह्याच अनुभवातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच-जर्मन तरुणांच्या शिबिरांत एक पद्धत रूढ झाली. तिला टँडेम म्हणतात. दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीचे हे नाव. एक फ्रेंच आणि एक जर्मन अशी जोडी बसवायची. अर्धा वेळ एकाच्या भाषेत, अर्धा वेळ दुसऱ्याच्या. जो पहिल्या अर्ध्या तासात गुरू, तोच पुढच्या अर्ध्या तासात शिष्य. युक्ती साधी आहे, पण तिच्यात एक मोठे तत्त्व आहे असे आम्हांला वाटते. परकी भाषा बोलताना माणूस लहान होतो. पंधरा वर्षांचा हुशार मुलगा चार वर्षांच्या पोरासारखा बोलू लागतो, विनोद करता येत नाही, वाद घालता येत नाही. हे लहानपण ज्याने नुकतेच भोगले आहे तो, आपली पाळी आल्यावर, समोरच्याला हसत नाही. किंवा हसला तरी थोडे थांबून वाक्य पुरे करू देतो.

यजमान होण्याने मुलावर जे पडते ते पाहुणा होण्यापेक्षाही अधिक आहे. पाहुण्याला फक्त सांभाळून वागायचे असते. यजमान मुलाला पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाच्या भुकेची, झोपेची, कंटाळ्याची काळजी वाहावी लागते. तो आई आणि पाहुणा ह्यांच्यामध्ये दुभाषा होतो, आणि दुभाष्याचे काम करताना त्याला कळते की आई जे म्हणाली ते तसेच्या तसे सांगण्यासारखे नाही. आपले गाव त्याने कधी पाहिलेलेच नसते. आता ते दाखवावे लागते. हा पुतळा कोणाचा, ही पाटी कसली, हे त्याला आधी स्वतःला विचारावे लागते.

फ्रेंच यजमान आपल्या पाहुण्याला घेऊन व्हर्सायच्या राजवाड्यात जातो तेव्हा हे काम फारच नाजूक होते. तेथल्या आरसेमहालात १८ जानेवारी १८७१ रोजी, फ्रान्सचा पाडाव करून, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. आणि त्याच महालात २८ जून १९१९ रोजी पराभूत जर्मनीला तहावर सही करावी लागली. एकच दालन, दोघांचे दोन अपमान. पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या मित्राला हे कोणत्या शब्दांत सांगावे? व्हर्दूनजवळ दुओमाँ येथे एक अस्थिगृह आहे. तेथे ओळख न पटलेल्या सुमारे एक लक्ष तीस हजार सैनिकांची हाडे आहेत. फ्रेंच कोणती आणि जर्मन कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. १९८४ च्या २२ सप्टेंबरला मितराँ आणि कोल हे दोन देशांचे प्रमुख येथेच हातात हात धरून उभे राहिले होते. दोन्ही देशांच्या शाळा येथे मुलांना एकत्र घेऊन येतात. खिडक्यांतून ती हाडे दिसतात. येथे बहुतेक मुलांना कोणतीच भाषा सुचत नाही, आणि एवढा एकच तास त्यांना कोणी बोला असे सांगतही नाही.

ह्या सहवासातून एक भरीव गोष्ट निघाली, ती येथे सांगितलीच पाहिजे. २००३ च्या जानेवारीत, कराराच्या चाळिसाव्या वर्षी, बर्लिनला दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांची एक युवक संसद भरली होती. आम्हां दोघांना इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक द्या, अशी मागणी तिने केली. २००६ मध्ये त्याचा पहिला भाग बाहेर आला. मजकूर एकच, एक आवृत्ती फ्रेंच, एक जर्मन. तिसरा भाग २०११ मध्ये आला. फारच थोड्या शाळांनी ते नेमले, अशी तक्रार करतात, आणि ती खरीही आहे. पण हे पुस्तक मागणारी मुले होती, मंत्री नव्हते.

म्हणजे सगळे गोडच आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. आठ दिवस एका घरात राहून कित्येक जोड्यांचे मुळीच जमत नाही. पाहुणे आपसांतच टोळी करून बसतात, यजमान आपल्या जुन्या मित्रांत रमतो. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पाहुणा खोलीचे दार लावून आपल्या भाषेत आईशी बोलत बसला तर तो घर सोडून आलाच नाही असे म्हणावे लागेल. दोघांनाही इंग्रजी बऱ्यापैकी येते ही आणखी एक पळवाट. अडचण आली की दोघेही तिच्यात शिरतात, आणि टॉवेलचा शब्द राहूनच जातो. शिवाय पाहुणा ठेवायला घरात जागा लागते. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात त्या घरचे मूल पत्रक घरी नेतच नाही. त्यासाठी दोन्ही गटांनी एखाद्या तिसऱ्याच गावी वसतिगृहात एकत्र राहावे, अशी सोय आहे. ती चांगली आहे, पण तीत स्वयंपाकघर नाही. आणि आमच्या मते निम्मा धडा तेथेच असतो. जास्त दिवस राहू इच्छिणाऱ्यांसाठी तीन महिन्यांची एक योजना आहे. दुभाषी आणि राजकीय सल्लागार म्हणून दोन्ही देशांची सेवा केलेल्या ब्रिजित सोझे ह्या विदुषींचे नाव तिला दिले आहे. व्हॉल्तेअरच्या नावाची योजना त्याहून लांब, सहा-सहा महिन्यांची.

खरी काळजी निराळीच आहे. फ्रान्समध्ये जर्मन शिकणारे विद्यार्थी गेल्या काही दशकांत कमी झाले. दुसरी परकी भाषा म्हणून बहुतेक मुले स्पॅनिश घेतात. जर्मनीतही फ्रेंच मागे पडत चालली. आज दोन्हीकडे शेजाऱ्याची भाषा घेणाऱ्यांचे प्रमाण माध्यमिक शाळांत पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. २२ जानेवारी २०१९ रोजी आखेन येथे झालेल्या नव्या करारात ती संख्या वाढवण्याचे वचन पुन्हा द्यावे लागले. छप्पन्न वर्षांनी तेच वचन पुन्हा द्यावे लागते ह्याचा अर्थ उघड आहे. वैर मिटले तशी भाषा शिकण्याची निकडही गेली. ज्याच्याशी भांडण नाही त्याची भाषा कशाला शिकायची, असे मुलांना वाटत असेल तर त्यांना दोष तरी कसा द्यावा? २०२० च्या महासाथीत तर प्रवासच थांबले, आणि पडद्यावरून जोड्या लावाव्या लागल्या. त्यात बोलणे होते, पण पाव पुढे सरकवता येत नाही.

हे सारे परक्यांचे झाले. पण आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या पुष्कळ शाळांतून जर्मन आणि फ्रेंच शिकवतात. पुण्याला तर ब्रेमेन ह्या जर्मन शहराच्या नावाचा चौकच आहे. अशा काही शाळांची मुले जर्मनीला जातात आणि तिकडची मुले मराठी घरांत येऊन राहतात. येथे मात्र अडचण शत्रुत्वाची नसून अगत्याची असते. आपण पाहुण्याला जागचे हलू देत नाही. ताट तो उचलू लागला की तीन माणसे धावतात, 'पुरे' म्हणाला की आणखी एक पोळी पडते, एकटा बाहेर निघाला तर कोणीतरी सोबतीला जाते. त्याला स्वतःच्या घरी भांडी विसळायची सवय. येथे आठ दिवस हात बांधून बसावे लागते आणि आपण ओझे झालो असे त्याला वाटू लागते. उलट आपला मुलगा तिकडे गेला की तिसऱ्या दिवशी त्याला सांगतात, आज टेबल तुझ्याकडे. हे आईला कळले तर तिचा जीव तुटतो. 'पोराला कामाला लावले!' वस्तुतः त्या दिवशी त्याला घरचा मानले गेलेले असते.

वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या मुलांना पाहुणा म्हणून कोणी वागवत नसे. पाणी भर, पूजेची फुले आण, अशी कामे सर्रास सांगत. पण त्या मुलाच्या घरी आपण कधी जेवायला जात नव्हतो, आणि अदलाबदलीत जावे लागते. शाळेतून असे पत्रक आपल्या घरी आले तर त्यात बहुधा एक रकाना असतो: पाहुण्याला घरातली कोणती कामे करता येतील? तो कोरा सोडू नये. आणि परतीच्या भेटीला मूल निघेल तेव्हा, बॅगेत चिवडा-लाडू भरण्याआधी, त्याला एक पोळी लाटायला शिकवून ठेवावी. तिकडे एखाद्या संध्याकाळी तुमच्याकडचे काहीतरी करून दाखव, असे हटकून सांगतात.